मेंडेल्सोनचा पुतळा आणि मधली ७२ वर्षं

मंद्रसप्तक

तीन वर्षांपूर्वी जर्मनीतल्या लाइपझिगला चार दिवस राहणं झालं. बाख या अठराव्या शतकातल्या संगीतकारासाठी गेले होते. पण परत आल्यापासून डोक्यात घोळतेय ती त्याच्या नंतरच्या शतकातल्या फेलिक्स मेंडेल्सोन या संगीतकाराच्या पुतळ्याची गोष्ट. कुणाशी तरी नीट बोलावं म्हणून हा धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात बाखपासूनच करावी लागेल. १७२३ ते १७५० अशी २७ वर्षं तो लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचा कांटोर होता. शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचं, रविवारच्या उपासनेसाठी रचना लिहायच्या आणि त्या मुलांकडून बसवून घ्यायच्या, हे त्याचं काम. गेल्यावर त्याला सेंट जॉन चर्चच्या आवारात पुरलं. थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. त्याचे फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ येते अशा रचना) जाणकार मंडळी वाजवत राहिली, पण मोठ्या गायनरचना मागे पडल्या. ११ मार्च १८२९ ला बर्लिनमध्ये २० वर्षांच्या मेंडेल्सोननं त्याचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', येशूच्या यातना आणि मृत्यूवरची मोठी गायनरचना, पुन्हा लोकांसमोर आणलं, ही गोष्ट इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

त्यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही. १८३५ मध्ये मेंडेल्सोन गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणून लाइपझिगला आला. (गेवांडहाउस म्हणजे मुळात कापडव्यापाऱ्यांची इमारत. तिच्यात मैफली व्हायला लागल्या आणि वाद्यवृंदालाच ते नाव चिकटलं.) ज्या गावात बाखनं २७ वर्षं काढली, तिथे त्याच्या नावाचा साधा दगडही नाही, हे त्याला लागलं. तक्रार करत न बसता तो पैसे जमवायला निघाला.

६ ऑगस्ट १८४० ला सेंट थॉमस चर्चमध्ये त्यानं ऑर्गनवादनाचा कार्यक्रम केला. एकटा वाजवणारा आणि शेवटचं उत्स्फूर्त वादन सोडलं तर सगळा कार्यक्रम बाखचा. त्या आधीचे आठ दिवस त्यानं इतका रियाज केला की सरळ उभं राहणं अवघड झालं आणि रस्त्यानं चालताना पायांतून ऑर्गनचेच पलटे निघायला लागले, असं त्यानं आईला पत्रात कळवलं आहे. ऑर्गन पायांनीही वाजवतात, त्याला हातांसारखीच पायपट्ट्यांची रांग असते, हे लक्षात घेतलं की त्या वाक्यातला थकवा कळतो. खर्च वजा जाता ३०० थालर (तेव्हाचं जर्मन नाणं) उरले, तेही त्याच पत्रात आहे. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यानं त्याच चर्चमध्ये 'मॅथ्यू पॅशन' केलं. ते स्मारकासाठीच होतं आणि ज्या वास्तूत बाखनं ते स्वतः सादर केलं होतं तिथेच होतं.

२३ एप्रिल १८४३ ला स्मारक उभं राहिलं. एदुआर्ड बेंडेमानचा आराखडा, हेरमान क्नाउरचं कोरीवकाम. आज लाइपझिगला गेलेले लोक ज्या पुतळ्यासमोर छायाचित्रं काढतात तो हा नव्हे, तो १९०८ चा. हे आहे वालुकाश्माचं, खांबावर छोटं देवडीसारखं छत्र, त्यात बाखचा चेहरा आणि बाजूंना उठावाची शिल्पं. बाखचं जगातलं सर्वांत जुनं स्मारक हेच मानतात. अनावरणाला एक म्हातारे गृहस्थ आले होते, पांढऱ्याशुभ्र केसांचे, वय ८३. बाखचा नातू, विल्हेल्म फ्रीड्रिश एर्न्स्ट बाख. तो हयात आहे याची कुणाला कल्पनाच नव्हती, बर्लिनमध्ये इतकी वर्षं राहिलेल्या मेंडेल्सोनलासुद्धा नाही, असं संगीतकार रॉबर्ट शुमाननं लिहून ठेवलं आहे. मी त्या खांबापाशी उभी राहिले तेव्हा मला बाखपेक्षा तो म्हातारा माणूसच जास्त दिसत होता.

त्याच महिन्यात मेंडेल्सोननं लाइपझिगला संगीत महाविद्यालय सुरू केलं. ४ नोव्हेंबर १८४७ ला तो गेला, वय अवघं ३८.

त्याचा स्वतःचा पुतळा व्हायला १८९२ उजाडलं. २६ मे ला नव्या गेवांडहाउससमोर तो बसवला, शिल्पकार वेर्नर श्टाइन. तोवर हवा बदलू लागली होती. मेंडेल्सोनचे आजोबा मोझेस मेंडेल्सोन हे मोठे ज्यू तत्त्वज्ञ. फेलिक्सचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता आणि तो मनापासून ख्रिस्ती उपासनेचं संगीत लिहीत असे. तरी १८५० मध्ये, तो जाऊन तीन वर्षं होत नाहीत तोच, ऑपेरा लिहिणाऱ्या वाग्नर या संगीतकारानं ज्यू संगीतकारांवर विखारी लेख लिहिला. टोपणनावानं. त्यात मेंडेल्सोनचं नाव घेऊन त्याच्या संगीतात खोली असूच शकत नाही असं मांडलं होतं. हा लेख छापला गेला लाइपझिगच्याच संगीतनियतकालिकात, जे शुमाननं १८३४ मध्ये सुरू केलं होतं. आणि वाग्नरचा जन्मही लाइपझिगचा. एकाच गावात हे सगळं, म्हणून जास्त टोचतं.

१९३३ नंतर मेंडेल्सोन वाजवणं बंद झालं. नोव्हेंबर १९३६ मध्ये इंग्लिश वाद्यवृंदसंचालक सर थॉमस बीचम आपला लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद घेऊन जर्मनीच्या दौऱ्यावर होते. लाइपझिगमध्ये मेंडेल्सोनच्या पुतळ्याला पुष्पचक्र वाहायचं त्यांच्या मनात होतं. महापौर कार्ल ग्योर्डेलर तेव्हा परदेशी होते. पुतळा काढायला त्यांचा आधीपासून विरोध होता. ते नाहीत हे साधून उपमहापौर हाके यांनी ९ नोव्हेंबरच्या रात्री पुतळा उतरवून नेला. पाहुणे फुलं घेऊन गेले तर पुतळा नाही.

ग्योर्डेलर परतले. पुतळा पुन्हा बसवा म्हणून त्यांनी खटपट केली, ती जमली नाही, आणि त्यांनी पद सोडलं. पुढे हिटलरविरोधी कटातले ते एक प्रमुख. २ फेब्रुवारी १९४५ ला त्यांना फाशी झाली.

१८ ऑक्टोबर २००८ ला मूळ पुतळ्याची प्रतिकृती बसवली. सेंट थॉमस चर्चच्या पश्चिम दारासमोर. तिथून त्यानं बाखसाठी उभारलेला खांब हाकेच्या अंतरावर आहे.

मला या धाग्यात विचारायचंय ते हे. स्मारकाचं मोल कशावर ठरवायचं? माझं मत असं की ते कुणी किती झीज सोसून उभारलं यावर. म्हणून लाइपझिगमध्ये मला सर्वांत थोर वाटतो तो तो आठ दिवसांच्या रियाजातून आलेला छोटा खांब.

कोमल_ऋषभ

पायांतून ऑर्गनचे पलटे निघणं वाचून थांबले. मी स्वतः पेटी वाजवते. कार्यक्रमाच्या आधी बोटं जेवणाच्या ताटावरही चालत राहतात, त्यामुळे हे अगदी आतून कळलं.

मूळ पुतळा दिसायला कसा होता, ताई? आणि त्यावर काही लिहिलं होतं का?

मंद्रसप्तक

कोमल_ऋषभ, काशाची उभी आकृती, उंच चौथऱ्यावर. पायऱ्यांवर संगीताची देवता बसलेली. जर्मनमध्ये एक ओळ आहे, तिचा अर्थ साधारण असा: स्वरांच्या भाषेनं उदात्त तेवढंच सांगावं. प्रतिकृतीतही ती ओळ आहे. ज्यांनी १९३६ मध्ये तो उतरवला त्यांनी ती ओळ वाचली असणारच, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिसरी_घंटा

फार चांगला धागा. झीज सोसण्यावरून जर्मनीतल्या बॉनचं, संगीतकार बेटहोवनचं स्मारक आठवलं, आणि त्यातही मेंडेल्सोन आहे म्हणून लिहितो.

बॉनमध्ये १८३५ मध्ये समिती झाली. जगभर आवाहन गेलं, पण पैसा येईना. संपूर्ण फ्रान्समधून जमले जेमतेम ४२५ फ्रँक. पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्ट्स लिस्ट हे ऐकून संतापला आणि उरलेल्या रकमेची जबाबदारी त्यानं स्वतःवर घेतली. १०,००० फ्रँक दिले आणि त्यासाठी मैफलींचे दौरे केले. शुमाननं आपली सी मेजर फँटसी ही पियानोरचना याच स्मारकासाठी म्हणून लिहायला घेतली, तिच्या १०० प्रती समितीला विकायला द्यायच्या असा त्याचा बेत होता. प्रकाशक तयार झाला नाही. १८३९ मध्ये ती छापली गेली तेव्हा लिस्टला अर्पण केलेली होती. व्हिएन्नाचा प्रकाशक मेकेटी यानं स्मारकाच्या मदतीसाठी दहा संगीतकारांच्या पियानोरचनांचा एक संग्रह काढला. मेंडेल्सोनची 'व्हेरिएशन्स सेरियूज' त्यासाठीच लिहिलेली, आणि पोलिश संगीतकार शोपँचं सी शार्प मायनर प्रेल्यूड (छोटी पियानोरचना) त्यातलंच. म्हणजे आज आपण ज्या रचना स्वतंत्रपणे ऐकतो, त्यांतल्या काही एका पुतळ्याच्या वर्गणीपोटी जन्मल्या किंवा छापल्या गेल्या.

१८४५ च्या ऑगस्टमध्ये बॉनला उत्सव ठरला आणि ऐनवेळी ध्यानात आलं की एवढ्या लोकांना बसवायला सभागृहच नाही. लिस्टनं आग्रह धरला. कोलोन कॅथेड्रलचे वास्तुविशारद त्स्विर्नर यांच्या देखरेखीखाली पंधरवड्याच्या आत लाकडी सभागृह उभं राहिलं, सुमारे ३,००० माणसांचं. १२ ऑगस्टला एर्न्स्ट हेनेलनं घडवलेल्या पुतळ्याचं अनावरण झालं. प्रशियाचा राजा आणि इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया बाजूच्या वाड्याच्या सज्जात होते. पडदा पडला आणि दिसलं की बेटहोवनची पाठ सज्जाकडे आहे. पुतळा चौकाकडे, लोकांकडे तोंड करून उभा होता. आजही म्युन्स्टर चौकात तो तसाच आहे.

तुमच्या कसोटीवर हे स्मारक लिस्टचं आहे.

पांथस्थ

लेख आवडला, पण एका ठिकाणी मला अडखळायला झालं. ग्योर्डेलर १९३० पासून लाइपझिगचे महापौर. मार्च १९३३ मध्ये त्याच गेवांडहाउसचे प्रमुख ब्रुनो वाल्टर यांना ज्यू म्हणून मैफल करू दिली नाही आणि त्यांना जर्मनी सोडावी लागली. तेव्हा ग्योर्डेलर पदावर होते, आणि पदावर राहिले. जिवंत माणसाला हाकललं तेव्हा नाही, पुतळा हलवला तेव्हा राजीनामा. शेवटी त्यांनी प्राण दिले याबद्दल मला आदर आहे. पण १९३३ ते १९३६ ही वर्षं गाळून गोष्ट सांगितली की ती फार सोपी होते. मेंडेल्सोन तेव्हा ८९ वर्षांपूर्वी गेलेला. वाल्टर हयात होते.

मंद्रसप्तक

पांथस्थ, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि ते मूळ लेखात यायला हवं होतं. वाल्टर यांचं नाव मी गाळलं, ती माझी चूक. ग्योर्डेलर नाझी पक्षाचे सभासद नव्हते. आत राहून काही सावरता येईल असं त्यांना दीर्घकाळ वाटत होतं, आणि त्या काळात ते सरकारचे दरनियंत्रण आयुक्तही होते. पुतळा हे राजीनाम्याचं एकच कारण असेल असं मीही मानत नाही. पण आपल्या अपरोक्ष, आपल्याच कचेरीतल्या माणसानं, आपण नको म्हटलेलं काम रात्रीत उरकलं, तेव्हा आत राहून आपण काहीही सावरू शकत नाही हे त्यांना दिसलं असणार. उशिरा दिसलं. वाल्टर यांच्यासाठी फारच उशिरा.

रानवाटा

वॉर्सामधल्या शोपँच्या पुतळ्याबद्दल कुणी लिहील म्हणून वाट पाहत होते.

तिथला प्रकार वेगळा आहे. शोपँच्या जन्माच्या शताब्दीला, १९१० मध्ये, तो बसवायचा होता. वाट्स्वाव शिमानोव्स्की यांचा आराखडा निवडला गेला: वाऱ्यानं वाकलेल्या वाळुंजाच्या झाडाखाली बसलेला शोपँ. नीट पाहिलं तर त्या फांद्या पियानोवर पसरलेल्या बोटांसारख्या दिसतात. तेव्हा वॉर्सा रशियन झारच्या ताब्यात. त्यात आराखड्यावरून वाद, मग पहिलं महायुद्ध. शेवटी १४ नोव्हेंबर १९२६ ला, स्वतंत्र पोलंडमध्ये, वाझियेंकी उद्यानात त्याचं अनावरण झालं.

३१ मे १९४० ला जर्मनांनी तो सुरुंग लावून उडवला. व्याप्त वॉर्सामध्ये त्यांनी पाडलेला हा पहिला पुतळा. धातू वितळवायला नेला. शोपँ जाहीरपणे वाजवायला त्यांनी बंदी घातली होतीच. गावात आख्यायिका अशी आहे की दुसऱ्या दिवशी त्या जागी हातानं लिहिलेली पाटी सापडली: मला कुणी पाडलं ठाऊक नाही, पण का पाडलं ते ठाऊक आहे, तुमच्या नेत्याच्या मयतीला मी शोकसंगीत वाजवू नये म्हणून.

युद्धानंतर १९५८ मध्ये तो त्याच जागी पुन्हा उभा राहिला. १९५९ पासून उन्हाळ्यातल्या रविवारी पुतळ्याच्या पायथ्याशी पियानो ठेवून शोपँ वाजवतात. पैसे लागत नाहीत, लोक हिरवळीवर बसतात. चौथऱ्यावर कवी मित्सकेविचच्या ओळी कोरल्या आहेत: ज्वाळा रंगवलेला इतिहास गिळतील, तलवारधारी चोर खजिने लुटतील, गाणं मात्र वाचेल. आणि जर्मनांनी तो केव्हा पाडला आणि तो पुन्हा उभारला, हेही तिथेच कोरून ठेवलं आहे. येणारा प्रत्येक जण दोन्ही वाचतो.

आजोळ

रानवाटा यांच्या शेवटच्या मुद्द्यावरूनच माझी शंका. लाइपझिगसारखी हुबेहूब प्रतिकृती करण्यात मला एक धोका दिसतो. काशाचा नवा पुतळा, तोच चेहरा, तीच देवता, तीच ओळ. वयाच्या विसाव्या वर्षी तिथून जाणाऱ्या मुलाला वाटणार की हा १८९२ पासून इथेच आहे. रिकामी जागा निदान प्रश्न विचारते. ती भरली की प्रश्न मिटतो, आणि ज्यांनी तो पाडला त्यांचं काम झाकलं जातं. मी निर्णय घेणारी असते तर १९३६ ची जागा तशीच मोकळी ठेवली असती.

तिसरी_घंटा

आजोळताई, मोकळी जागा प्रश्न विचारते ती ज्याला आधीच माहीत आहे त्याला. बाकीच्यांना ती फक्त मोकळी जागा.

शिवाय ज्या गेवांडहाउससमोर तो पुतळा होता ती इमारतही उरली नाही. युद्धात बाँबखाली उद्ध्वस्त झाली, १९६८ मध्ये तिचे अवशेषही पाडले. आजचं गेवांडहाउस १९८१ चं, दुसऱ्याच चौकात. तेव्हा मूळ जागी मूळ अर्थ राहिलाच नव्हता.

मंद्रसप्तक

आजोळ, तुमच्या शंकेवर मी दोन दिवस विचार केला. हुबेहूबपणाबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि वॉर्सासारखी तारीख ठळक कोरलेली असणं मलाही जास्त प्रामाणिक वाटतं.

पण या प्रतिकृतीनं जागा बदलली. पुतळा चर्चच्या दारासमोर आला आणि त्यामुळे एक गोष्ट घडली जी १८९२ मध्ये घडली नव्हती: मेंडेल्सोन बाखच्या शेजारी आला. चर्चमध्ये १९५० पासून बाखची कबर आहे. सेंट जॉन चर्च युद्धात पडल्यावर त्याच्या अस्थी तिथे आणल्या. त्याच चर्चच्या रंगीत काचेच्या खिडक्यांत एक मेंडेल्सोनची आहे, १९९७ मध्ये बसवलेली. बाहेर बागेत तो जुना खांब. हे सगळं मिळून आता एकच स्मारक झालंय असं मला तिथे वाटलं. मी संध्याकाळी गेले होते. आत कुणीतरी ऑर्गनवर सराव करत होतं, दार उघडं होतं, आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता.

पांथस्थ

जागा बदलल्याचा मुद्दा पटला.

अवांतर: १९०८ च्या बाखच्या पुतळ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. शिल्पकार कार्ल सेफ्नर. १८९४ मध्ये सेंट जॉन चर्चच्या आवारात ज्या अस्थी सापडल्या, त्यांतल्या कवटीचा अभ्यास शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी केला, आणि त्या मापांवरून सेफ्नरनं चेहरा घडवला. पुतळ्यातल्या बाखचा कोटाचा खिसा उलटा बाहेर आलेला आहे.

कोमल_ऋषभ

एक विनंती. ६ ऑगस्ट १८४० ला मेंडेल्सोननं नेमकं काय वाजवलं ते क्रमानं द्याल का? त्याच क्रमानं एका बैठकीत ऐकायचा विचार आहे.

मंद्रसप्तक

हो, आनंदानं. आधी ई फ्लॅट मेजरमधला फ्यूग. मग 'श्म्युके दिश' या भजनावरची रचना. (आयुष्यानं सगळी आशा आणि श्रद्धा हिरावून घेतली तरी ही एक रचना ती परत देईल, असं मेंडेल्सोन शुमानला म्हणाला होता.) मग ए मायनरमधलं प्रेल्यूड आणि फ्यूग. त्यानंतर सी मायनरमधलं पासाकाल्या, एकाच मंद्र चालीवर बांधलेलं. पुढे पास्टोराले आणि एफ मेजरमधलं टोकाटा.

शेवटी त्यानं स्वतःचं, उत्स्फूर्त वाजवलं. 'पॅशन'मधल्या दुःखाच्या भजनाची धून घेऊन तो ती फुलवत गेला, आणि तिच्यात बाखचं नाव गुंफलं. जर्मन स्वरलिपीत बाखच्या नावातली चारही अक्षरं स्वर आहेत. पांढरी एकला सा धरलात तर पेटीवर ते असे येतात: कोमल नी, ध, सा, शुद्ध नी. ऐकायला बसण्याआधी एकदा वाजवून पाहा.